विमा खाटेचा, आजार गोळीचा

मंत्रभूमी आणि यंत्रभूमी अशी दुहेरी ओळख नाशिक मोठ्या अभिमानाने मिरविते. गोदाकाठी मंत्र आणि सातपूर-अंबडला यंत्र! त्यात १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची भर पडली आणि राज्यातील बहुसंख्य डॉक्टरांच्या पदवीवर नाशिकची मुद्रा उमटू लागली. वैद्यकविद्येचा एवढा मान लाभलेल्या या जिल्ह्यात मनाच्या आजाराने ग्रासलेल्या गरीब माणसाच्या हाती आज काय आहे? एका हातात पाच लाख रुपयांच्या विम्याचे कार्ड आहे, दुसऱ्या हातात डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधाची चिठ्ठी आहे आणि या दोहोंचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. कार्ड रुग्णालयाच्या खाटेवर चालते. चिठ्ठीवरची गोळी सरकारी दवाखान्यात मिळाली तर मिळाली, नाही तर औषधाच्या दुकानात रोख पैसे मोजून घ्यावी लागते. तेथे पाच लाखांचे कार्ड कोणी हातातही धरत नाही.

सार्वजनिक आरोग्य विम्याच्या जाहिरातींत हे व्यंग झाकले गेले आहे. मनोविकारांचा फार मोठा भाग घरी राहून, कामधंदा करीत, रोजच्या रोज औषध घेऊन आटोक्यात राहतो. खाट लागते ती औषध चुकल्यावर किंवा आजार पहिल्यांदाच उसळल्यावर. असे असताना विमा मात्र खाटेचा काढला गेला. आजार गोळीचा आणि विमा खाटेचा, अशा या विसंगतीत हजारो कुटुंबे होरपळत आहेत. ती रस्त्यावर येऊन घोषणा देत नाहीत, कारण घरात असा रुग्ण आहे हे सांगण्याचीच त्यांना लाज वाटते. त्यांच्या या मौनाचा लाभ व्यवस्थेने पुरेपूर उठविला आहे.

सोळाव्या दिवशी काय?

राज्याच्या योजनेचा प्रवास पाहण्यासारखा आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २ जुलै २०१२ रोजी ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर पोहोचली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव लाभले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि २५ सप्टेंबर, म्हणजे पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या जयंतीपासून ती लागू झाली. पुढे दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानुसार १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी किंवा कर्करोगाच्या उपचारासाठी शेत गहाण टाकण्याची वेळ या योजनांनी अनेकांवर येऊ दिली नाही. हे यश नाकारण्याचे काही कारण नाही.

परंतु नावे बदलली, सरकारे बदलली, रक्कम वाढली, तरी दाखल होण्याची अट बदलली नाही. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी आणि औषधे आयुष्मान योजनेच्या कक्षेबाहेर आहेत. मनोविकारांना योजनेच्या उपचारयादीत स्थान आहे खरे, पण तेही दाखल रुग्णापुरते. घरी गेल्यानंतर आयुष्मान योजनेत १५ दिवसांपर्यंतच्या औषधांचा आणि राज्याच्या योजनेत १० दिवसांपर्यंतच्या पाठपुराव्याचा खर्च मिळतो. मग सोळाव्या दिवशी काय?

अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला सोळाव्या दिवशी फारसे काही लागत नाही. तो बरा झालेला असतो. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला मात्र सोळाव्या दिवशी तेच औषध लागते, सहाव्या महिन्यात लागते, बहुधा दहाव्या वर्षीही लागते. त्याच्यासाठी विम्याची पंधरा दिवसांची मुदत म्हणजे नदीच्या मध्यावर नेऊन सोडणारी होडी आहे. पुन्हा योजनेत शिरण्याचा एकच मार्ग त्याच्यासाठी खुला राहतो. गोळी सुटावी, झोप उडावी, भास वाढावेत, त्याने घरच्यांवर हात उगारावा किंवा स्वतःच्या जिवावर उठावे आणि चार माणसांनी धरून त्याला रुग्णालयात आणावे. तेव्हा कुठे विमा जागा होतो. महिन्याच्या औषधाला पैसा नाही आणि ते औषध चुकल्यामुळे आलेल्या संकटाला मात्र पैसा आहे, याला नियोजन म्हणावयाचे काय?

ही औषधे अदलाबदलीची नव्हेत

मनोविकारांवरील औषधांविषयी समाजात एक ठाम गैरसमज आहे. ही सगळी झोपेची औषधे आहेत आणि एक नाही मिळाले तर दुसरे चालते, असे सुशिक्षितही मानतात. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे.

क्लोझापीन हे औषध स्किझोफ्रेनियाच्या अशा रुग्णांसाठी आहे, ज्यांना आधीच्या किमान दोन औषधांचा गुण आलेला नसतो. ते सुरू केल्यावर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्तातील पांढऱ्या पेशी तपासाव्या लागतात. ४८ तासांहून अधिक खंड पडला तर जुनी मात्रा एकदम देता येत नाही, पुन्हा अगदी लहान मात्रेपासून चढत जावे लागते. म्हणजे शनिवार-रविवारच्या सुट्टीत औषध संपले आणि सोमवारी भांडारात नसले, तर कित्येक महिन्यांच्या प्रयत्नांनी बसविलेली घडी विस्कटते. लिथियमची गोष्ट निराळी नाही. आलटून-पालटून उन्माद आणि नैराश्य आणणाऱ्या बायपोलर विकारावर ते अनेक दशके वापरात आहे. त्याचे रक्तातील प्रमाण कमी पडले तर उपयोग होत नाही आणि अधिक झाले तर विषबाधा होते. म्हणून रक्ताची, मूत्रपिंडाची आणि थायरॉईडची तपासणी वेळोवेळी करावी लागते. ते एकाएकी थांबविले तर उन्माद उलटण्याचा धोका मोठा असतो. नैराश्यावरील गोळ्याही अचानक सोडल्या तर चक्कर, अस्वस्थता आणि निद्रानाश मागे लागतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. रुग्णाचा अधिकार 'एखाद्या' गोळीवर नसून डॉक्टरांनी त्याच्यासाठी लिहून दिलेल्या गोळीवर आहे. "ते संपले आहे, सध्या हे घ्या," असे खिडकीतून सांगणे ताप-खोकल्याच्या औषधाबाबत कदाचित चालेल, येथे चालणार नाही. तपासणीची सोय नसताना दिलेले औषध म्हणजेही अर्धाच उपचार होय.

औषध सुटण्याचे खापर बहुधा रुग्णाच्या माथी फोडले जाते. 'रुग्णाने औषध घेणे थांबविले' अशी नोंद कागदावर होते. आजाराची जाणीवच नसल्यामुळे काही रुग्ण औषध टाळतात, हे खरे आहे. पण पैसे पुरेनात म्हणून दिवसाआड गोळी देणारी आई, एका महिन्याचे औषध दोन महिने पुरविणारी पत्नी, यांची नोंद कोणत्या रकान्यात होते?

कर्जत येथील श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचविण्याच्या कार्याबद्दल. तीर्थक्षेत्रांच्या घाटांवर, बसस्थानकांवर, महामार्गांच्या कडेला दिसणारी ही माणसे आकाशातून पडलेली नाहीत. त्यांना घर होते, गाव होते. घरी परतलेल्या रुग्णाला त्याच्या गावाजवळ गोळी मिळाली नाही, तर रस्त्याकडे जाणारी त्याची वाट पुन्हा मोकळीच असते.

कायदा बोलतो, भांडार बोलत नाही

तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. देश हादरला, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. जेथे औषध पोहोचत नाही तेथे साखळी पोहोचते, हा त्या घटनेचा धडा होता. तो कायद्यात उतरावयास सोळा वर्षे लागली. एप्रिल २०१७ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेला मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ साली अमलात आला.

या कायद्याचे कलम १८ प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावयास हवे. मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा अधिकार आहे, असे ते सांगते. अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषधे शासन चालवीत असलेल्या आरोग्य संस्थांत, सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक स्तरावर, सर्वकाळ आणि विनामूल्य उपलब्ध असली पाहिजेत, असे ते बजावते. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीकडे तसे कार्ड असो वा नसो, तिला शासकीय संस्थेत मोफत उपचार मिळाले पाहिजेत, असेही ते म्हणते. जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध नसेल तर रुग्णाने जिल्ह्यातच अन्यत्र उपचार घ्यावेत आणि त्याचा खर्च शासनाने सोसावा, ही तरतूदही त्याच कलमात आहे. महाराष्ट्रात सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणजे ग्रामीण रुग्णालय. म्हणजेच सुरगाणा असो वा पेठ, तेथील ग्रामीण रुग्णालयाच्या भांडारात ही औषधे असणे ही कोणाची मेहेरबानी नाही, तो कायदा आहे.

याच कायद्याच्या कलम २१ ने विमा कंपन्यांनाही बांधून घेतले आहे. शारीरिक आजाराला जो नियम, तोच मानसिक आजाराला लावावा, असे ते सांगते. ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने तसे परिपत्रक काढले. तरीही एका सार्वजनिक विमा कंपनीने मनोविकारावरील उपचाराचा दावा फेटाळला आणि एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला तिला तिच्या कर्तव्याची आठवण करून द्यावी लागली. परंतु हा विजयही पुन्हा खाटेचाच होता. विम्याचा मूळ साचाच दाखल रुग्णाचा असल्यामुळे 'समान वागणूक' याचा अर्थ 'गोळी दोघांनाही नाही' असा होतो. मोडलेल्या हाडाला आणि दुभंगलेल्या मनाला एकाच मापाने मोजल्याने न्याय झाला, असे केवळ कारकुनी बुद्धीलाच वाटू शकते.

राज्य शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासण्या आणि औषधे विनामूल्य केली. निर्णय स्वागतार्ह होता. पण औषध विनामूल्य करणे आणि औषध उपलब्ध करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भांडारात नसलेले औषध फुकट देता येत नाही! औषधखरेदीचे काम २०१७ साली हाफकिनकडे सोपविले गेले, मग २०२३ साली त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. मंत्रालयात यंत्रणा बदलत राहिल्या. खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ती कोणाच्या चुकीमुळे बंद आहे हे आजही कळत नाही, कारण औषध नसल्याचे उत्तर देण्यास कोणीही बांधील नाही.

अंतराचा कर

राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. त्यांतील एकही नाशिक विभागात नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली देशात सुरू झाला, तो नेमका हे अंतर कमी करण्यासाठी. पंधरा तालुक्यांच्या नाशिक जिल्ह्याचा विस्तार पाहिला म्हणजे हे काम किती अवघड आणि किती आवश्यक आहे, हे कळते. सुरगाण्याहून नाशिकचे जिल्हा रुग्णालय ८०-९० किलोमीटर दूर आहे. घाटाच्या रस्त्याने येण्याजाण्यात दिवस जातो. रुग्ण एकटा येऊ शकत नाही, सोबत घरचा माणूस लागतो. म्हणजे दोघांचे भाडे आणि दोघांची मजुरी बुडते. एवढे करून आठ-पंधरा दिवसांचीच गोळी मिळाली, तर महिन्यातून दोनदा हीच यात्रा करावी लागते. फुकट मिळालेल्या औषधावर गरिबाने भरलेला हा अंतराचा कर आहे.

बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना मानसिक विकार आढळला. वेगवेगळ्या विकारांत उपचारापासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के एवढे होते. उपचार आणि प्रवास यांवर कुटुंबांना महिन्याला हजार ते दीड हजार रुपये खर्चावे लागतात, असेही त्यात दिसले. शेतमजुराच्या किंवा कंत्राटी कामगाराच्या घरात हा आकडा किराण्याशी स्पर्धा करतो. आणि किराणा व गोळी यांत निवड करावयाची झाल्यास कोणते घर काय निवडील, हे सांगण्यासाठी सर्वेक्षणाची गरज नाही.

अदारकरांना जे कळले होते

'विम्यातून रोजचे औषध देणे व्यवहार्य नाही,' असे सांगणाऱ्यांनी आपल्याच देशाचा इतिहास वाचावा. १९४३ साली प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम आले. त्या वेळी मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. १९४४ साली अदारकरांचा अहवाल आला, १९४८ साली राज्य कामगार विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. देश नुकताच स्वतंत्र झालेला, तिजोरी रिकामी, तरीही त्या योजनेत खाटेइतकेच स्थान दवाखान्यातील औषधाला मिळाले. कामगार दाखल झाला पाहिजे अशी अट तिने घातली नाही.

सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयामुळे नाशिकच्या औद्योगिक वसाहतींना ही योजना परिचित आहे. दीर्घ आजारांसाठी तिच्यात जी विस्तारित आजारलाभाची सोय आहे, त्या आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया, गंभीर नैराश्य आणि उन्माद-नैराश्याचा विकार यांचाही समावेश आहे. पात्र कामगाराला अशा आजारात दोन वर्षांपर्यंत सरासरी वेतनाच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. किती कामगारांना हे ठाऊक आहे? किती संघटना त्यांना हे सांगतात?

या योजनेचीही एक दुखरी बाजू आहे. विस्तारित लाभासाठी दोन वर्षांची सलग विमापात्र नोकरी लागते. ठेकेदार बदलला की ज्याची नोकरी तुटते, तो कंत्राटी कामगार ही अट कशी पुरी करणार? वेतनमर्यादा जानेवारी २०१७ मध्ये २१ हजार रुपये ठरली. पगार तिच्या पुढे सरकला की विमा सुटतो. सर्वांत क्रूर गोष्ट अशी की, मनोविकाराचा पहिला घाव बहुधा नोकरीवरच पडतो. आजाराने नोकरी गेली, नोकरीबरोबर विमा गेला, विम्याबरोबर औषध गेले आणि औषधाबरोबर पुन्हा नोकरी मिळण्याची आशाही गेली! ज्या क्षणी विम्याची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच क्षणी तो हात सोडतो.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप पैशाचा. क्लोझापीन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, लिथियम, सोडियम व्हॅलप्रोएट, फ्लुओक्झेटीन ही सारी जुनी औषधे आहेत. त्यांच्यावर आज कोणाचीही पेटंटची मक्तेदारी नाही आणि अनेक भारतीय कंपन्या ती बनवितात. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेचे जाळे देशभर पसरले आहे. या केंद्रांवर मनोविकाराच्या चिठ्ठीपुरते आयुष्मान कार्ड चालू केले, तर त्याचा भार एका वेळच्या दाखल उपचाराच्या तुलनेत किती पडणार? येत्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये रस्ते, पूल, घाट यांची हजारो कोटींची कामे होत आहेत. ती व्हावीतच. पण ज्या शासनाला एवढे नियोजन साधते, त्याला ग्रामीण रुग्णालयात लिथियमची गोळी ठेवणे साधत नाही, हे कोणी मान्य करावे?

दुसरा आक्षेप व्यवस्थेचा. वर्षानुवर्षे अखंड औषध पुरविणे सरकारी यंत्रणेला झेपणार नाही, असे म्हणतात. पण हीच यंत्रणा ते करून दाखवीत आहे. एचआयव्हीबाधितांना मोफत औषधे देण्याचा कार्यक्रम १ एप्रिल २००४ रोजी ज्या सहा राज्यांत सुरू झाला, त्यांत महाराष्ट्र होता. तो आजन्म औषधाचाच कार्यक्रम आहे. क्षयरोग्याचा डोस चुकू नये म्हणून घरापर्यंत पाठपुरावा होतो. महात्मा फुले योजनेत मूत्रपिंडाच्या रुग्णाचे डायलिसिस पुन्हा पुन्हा होते. तेथे 'आजार दीर्घ आहे, म्हणून विमा नाही' असे कोणी म्हणत नाही. बाहेरच्या जगाकडे पाहावयाचे तर थायलंडसारख्या आशियाई देशाने २००२ सालीच आपल्या सार्वत्रिक आरोग्य योजनेत बाह्यरुग्ण सेवा आणि औषधे समाविष्ट केली. प्रश्न क्षमतेचा नाही, अग्रक्रमाचा आहे. मनोरुग्ण मतदारांचा गट होत नाही, एवढाच काय तो फरक!

तिसरा आक्षेप सरकारी नाही, घरातला आहे. 'आपल्याकडे योग आहे, ध्यान आहे, संस्कार आहेत. या परकीय गोळ्यांची सवय कशाला?' असा प्रश्न सुसंस्कृत मध्यमवर्गीय घरांत विचारला जातो. योगाचे सामर्थ्य वादातीत आहे आणि उपचाराला त्याची जोड मिळाली तर उत्तमच. परंतु इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्याला कोणी 'प्राणायाम करा आणि इन्सुलिन सोडा' असे सांगितले, तर त्याला आपण वेडा ठरवू. मग स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला तोच सल्ला देणारा शहाणा कसा? चरकसंहितेने उन्मादाला निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय दिले. उन्माद हा चिकित्सेचा विषय आहे, ही या भूमीची जुनी धारणा आहे. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचा उपयोग वेडावर आणि रक्तदाबावर होतो, असे लिहिले. पुढे त्याच वनस्पतीतून मिळालेले रिसरपीन १९५४ च्या सुमारास अमेरिकेतील मनोरुग्णांना दिले गेले आणि आधुनिक मनोविकार-औषधांच्या पहिल्या पिढीत त्याची गणना झाली. औषधाने मन सावरते हे जगाला सांगण्यात ज्या देशाचा वाटा आहे, त्याच देशात औषध घेण्याची लाज वाटावी, हा परंपरेचा अभिमान नसून परंपरेचे अज्ञान होय.

ही लाजच शासनाच्या हाती कोलीत देते. जे दुखणे घरात लपविले जाते, त्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही, निवेदन देत नाही, नगरसेवकाला जाब विचारीत नाही. २००४ साली 'देवराई' हा चित्रपट आला, तेव्हा मराठी प्रेक्षक स्किझोफ्रेनियाने ग्रासलेल्या भावाचे आणि त्याला सांभाळणाऱ्या बहिणीचे दुःख पाहून हेलावला. चित्रपटगृहातील सहानुभूती शेजारच्या घरापर्यंत का पोहोचत नाही?

मागणी स्पष्ट हवी

अशा वेळी नुसती हळहळ उपयोगाची नाही. मागणी नेमकी असली पाहिजे. पहिली, महात्मा फुले आणि आयुष्मान योजनांत गंभीर मनोविकारांसाठी औषधे आणि रक्ततपासण्या यांचे वार्षिक बाह्यरुग्ण पॅकेज असावे आणि ते जनऔषधी केंद्रावर वापरता यावे. दुसरी, ग्रामीण रुग्णालयांत कायद्यानुसार औषधे ठेवावीत आणि स्थिर रुग्णाला डॉक्टरांच्या सल्ल्याने एकावेळी किमान महिन्याची गोळी द्यावी. तिसरी, प्रत्येक शासकीय रुग्णालयाने उपलब्ध औषधांचा फलक दर आठवड्याला लावावा आणि औषध नसेल तर 'उपलब्ध नाही' असे सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे. असा कागद हाती आला की खर्चाची भरपाई मागता येते. भांडाराचे तोंडी उत्तर मात्र सिद्ध करणे अवघड जाते. चौथी, कामगार विम्यातील मनोरुग्णाचे औषध नोकरी सुटल्यावरही, तो दुसऱ्या योजनेत सामावून घेतला जाईपर्यंत, चालू राहावे.

शासनाने हे करावे, हे खरे. पण तोवर समाजाने काय करावे? वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला कोणाच्या घरी रेशनकार्ड नाही हे ठाऊक असते. कोणाच्या घरी औषध थांबले आहे हेही त्याला ठाऊक असले पाहिजे. गावातून चार रुग्ण जिल्हा रुग्णालयात जात असतील, तर चौघांसाठी एक वाहन ठरविता येते. औषध नाकारले गेल्यास रुग्णाच्या आईबरोबर खिडकीपाशी उभे राहून लेखी उत्तर मागता येते. १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे, तो मंदिराच्या, वाचनालयाच्या आणि सोसायटीच्या फलकावर लिहिता येतो. कुटुंबाच्या संमतीवाचून रुग्णाचे नाव चारचौघांत न घेण्याचे भान मात्र प्रत्येकाने ठेवावे. सेवा करताना कोणाची अब्रू खर्ची पडू नये.

दीनदयाळजींच्या जयंतीचा मुहूर्त ज्या योजनेसाठी साधला, तिला अंत्योदयाचीच कसोटी लावली पाहिजे. रांगेतील शेवटचा माणूस कोण, याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. ज्याला रांगेत उभे राहण्याइतकेही मन ताळ्यावर ठेवण्यासाठी रोज एक गोळी लागते, तो हा माणूस आहे. त्याच्यापर्यंत ती गोळी पोहोचत नाही, तोवर पाच लाखांचा आकडा कितीही मोठ्या अक्षरांत छापला तरी अंत्योदय अपुराच आहे.